लोणारकाठचे विहरण

दिवाळीच्या सुट्टीत बोरीला सगळे जमलो की एक दिवस मुलाबाळांसह पाण्याकाठी काढायचा, असा आमच्या घरचा काही वर्षांपासूनचा प्रघात आहे. बोरी हे जिंतूर तालुक्यातले, परभणी-जिंतूर रस्त्यावरचे गाव. आम्हा दोघांपैकी एकीचे माहेर. पाण्याकाठी म्हणजे बहुधा येलदरीला. पूर्णा नदीवरचे हे धरण १९६८ मध्ये पूर्ण झाले, म्हणजे ते पाणी आमच्याहून जेमतेम दहा-पंधरा वर्षांनी वडील. तेथे मुले दगड भिरकावतात, मोठी माणसे पाण्याखाली गेलेल्या शिवारांच्या जागा बोटाने दाखवतात, डबे उघडतात आणि संध्याकाळच्या आत सर्वजण घरी परततात. गेल्या वर्षी मात्र हा बेत बदलला आणि आम्ही लोणारला गेलो. बेत बदलण्यास एक प्रश्न कारणीभूत झाला. तो घरातून आलेला नव्हता, वर्गातून आलेला होता.

आम्ही दोघेही महाविद्यालयात मराठी शिकवतो. 'लीळाचरित्र' अभ्यासक्रमात आहे, आणि ते आम्ही वीसेक वर्षे शिकवीत आलो आहोत. कसे शिकवतो, हे प्रामाणिकपणे सांगायचे तर महानुभाव गद्याची वैशिष्ट्ये, बोलीचा वापर, संवादशैली, तत्कालीन समाजदर्शन, आणि शेवटी पाच गुणांची टीप. गेल्या वर्षी एम. ए.च्या वर्गात शेवटच्या बाकावरच्या एका मुलाने विचारले, "सर, यातलं लोणार म्हणजे आपलंच का? खड्ड्याचं?" आम्ही 'हो' म्हणून पुढे गेलो. त्याचे समाधान झाले असावे. आमचे झाले नाही. ज्या गावाचे नाव आपण वीस वर्षे फळ्यावर लिहितो, ते बोरीहून दोन-अडीच तासांच्या वाटेवर आहे आणि आपण ते लहानपणीच्या शालेय सहलीनंतर पाहिलेलेच नाही, याची लाज वाटली. म्हणून हा खटाटोप.

जाण्यापूर्वी एका शब्दाकडे वाचकांचे लक्ष वेधायचे आहे. कुटुंबाने मोकळ्या हवेत, झाडापाण्यात, विशेष काही न करता फिरून येणे ही कल्पना आपण साहेबाकडून घेतली असे सर्रास मानले जाते. 'पिकनिक' हा शब्द तर उघडच परका. कार्तिकातले आवळीभोजन, सुगीतला हुरडा, यात्रेच्या निमित्ताने झालेली भटकंती हे आपले प्रकार. त्यांना काही ना काही निमित्त लागते. नुसते फिरण्यासाठी फिरणे आपल्याकडे रिकामटेकडेपणात जमा होई, असे म्हणतात. ते बरेचसे खरेही असेल. परंतु मराठीतला पहिला मोठा गद्यग्रंथ उघडला की नुसत्या फिरण्यासाठी एक स्वतंत्र शब्द पानोपानी भेटतो. तो शब्द म्हणजे 'विहरण'. श्रीचक्रधरांच्या दिनक्रमात पूजावसर आहे, आरोगणा आहे, पहुड आणि उपहुड आहे, व्याळी आहे, आणि त्यांच्याच बरोबरीने विहरणही आहे. स्वामी मुक्कामावरून उठून गावाबाहेर, एखाद्या देवळाकडे, मळ्याकडे, नदीकडे जातात. सोबत भक्तजन असतात, स्त्रिया असतात. तेथे बसतात, काही बोलणे होते, परत येतात. कित्येक लीळांची चौकट एवढीच आहे.

महानुभाव आचारधर्मातले 'अटन' आणि 'विजन' हे शब्द याहून वेगळे, हेही ध्यानात घ्यायला हवे. अटन म्हणजे संन्यस्ताने एका जागी न गुंतता फिरत राहणे. विजन म्हणजे माणसांपासून दूर, झाडाखाली एकटे बसणे. दोहोंमागे कठोर साधना आहे. विहरण त्यामानाने सैल आणि सोबतीचे. त्याला आजच्या भाषेत 'फेरफटका' म्हटले तर पंथीय वाचकांना रुचणार नाही, कारण त्यांच्या दृष्टीने ती अवताराची क्रीडा आहे. त्यांच्या श्रद्धेचा आदर ठेवून आम्ही इतकेच म्हणतो की, तेराव्या शतकातल्या मराठी माणसांनी पाण्याकाठी, झाडाखाली एकत्र घालवलेल्या निवांत वेळा जपून ठेवणारा दुसरा ग्रंथ आमच्या पाहण्यात नाही.

बोरीच्या काकूंना विहरण हा शब्द आमच्याआधीपासून माहीत होता, हे आम्हांला निघताना गाडीत कळले. काकूंनी उपदेश घेतलेला आहे. पहाटेचे स्मरण चुकत नाही, आल्यागेल्याला 'दंडवत' चुकत नाही. लोणारला जायचे ठरले तेव्हा त्यांनी पिशवीतून एक जीर्ण पुस्तिका काढली आणि म्हणाल्या, "तुम्ही तळं बघा. मला स्थान करायचंय."

जिंतूर मागे टाकून मंठ्याकडे निघालो की वाटेत चारठाणा लागते. जुन्या देवळांचे आणि बारवेचे हे गाव एका वेगळ्या लेखाचा विषय आहे. मुलांच्या भुकेमुळे आम्हांला तेथे अर्ध्या तासाहून अधिक थांबता आले नाही. पुढे मंठा, तळणी, आणि मग पूर्णा. हीच नदी खाली येलदरीला अडवली आहे. पूल ओलांडताना वडिलधाऱ्यांच्या तोंडचा एक जुना शब्द आठवला : मोगलाई. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे दिला. परभणी जिल्हा निजामाकडेच राहिला, तो १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत. त्यामुळे जिंतूर आणि लोणार यांच्यात जवळजवळ शंभर वर्षे राज्यकारभाराची भिंत होती. इकडे दप्तर उर्दूत, तिकडे इंग्रजी गॅझेटियर. एका बाजूच्या गावांविषयी छापलेली पानेच्या पाने मिळतात. दुसऱ्या बाजूच्या बोरीसारख्या गावाविषयी चार ओळी मिळवताना दमछाक होते.

लोणार गावात शिरेपर्यंत सरोवराचा मागमूस लागत नाही. सपाट काळी जमीन, तूर, कपाशी, दुकाने. आणि एकाएकी जमीन संपते. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा, काठापासून पाण्यापर्यंत सव्वाशे-दीडशे मीटर खोल असा तो वाटोळा खड्डा, आत झाडी आणि झाडीच्या मधोमध हिरवट, जड दिसणारे पाणी. धाकटीने विचारले, "हे कोणी खणलं?" तिच्या या प्रश्नाचेच उत्तर देण्यात माणसांनी कित्येक शतके घालवली आहेत.

लोककथेचे उत्तर असे : येथे लवणासुर नावाचा दैत्य जमिनीखाली दडून राही. विष्णूने सुंदर कुमाराचे रूप घेऊन त्याच्या बहिणींकडून ठावठिकाणा काढला, विवरावरचे झाकण पायाच्या अंगठ्याने उडवले आणि दैत्याला मारले. उडालेले झाकण दूर धाकेफळच्या बाजूला जाऊन पडले आणि त्याची टेकडी झाली. पाणी म्हणजे दैत्याचे रक्त, खार म्हणजे त्याचे मांस. गावातले दैत्यसूदनाचे मंदिर या कथेचे. लोणार हे नाव 'लवण'पासून आले यात शंका नसावी. आपले 'लोणचे' त्याच कुळातले. 'लोणी' मात्र नव्हे, ते 'नवनीता'चे. (विद्यार्थी हे दोन्ही एकत्र करतात, म्हणून हा कंस.)

सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फझलने 'आईन-इ-अकबरी'त मेहकर सरकारातल्या या जागेची नोंद केली. ब्राह्मण हिला विष्णुगया म्हणतात, सभोवार उंच डोंगर आहेत, पाणी खारे आहे, काच व साबण करण्याचे साहित्य येथे मिळते, सोराही निघतो आणि त्याचा सरकारला चांगला वसूल येतो, असा तिचा आशय आहे. पुण्य आणि महसूल एकाच परिच्छेदात! कारभारी माणसाची ही नजर आम्हांला आवडली. तिने निदान खार काढणारा मजूर हिशेबात धरला. उन्हाळ्यात पाणी आटले की काठावर खार साचे आणि माणसे चिखलात उतरून तो काढीत. डल्ला, पापडी, भुसकी अशी त्याच्या प्रतींची नावे होती. पुढे कारखान्यातला स्वस्त सोडा आला आणि हा धंदा ओसरला. या मजुरांवर मराठीत एखादी कथा, एखादे गीत आम्ही शोधले. आमच्या हाती काही लागले नाही.

१८२३ मध्ये अलेक्झांडर नावाचा ब्रिटिश अधिकारी येथे आला आणि लोणार युरोपीय विद्वानांच्या चर्चेत आले. चोहीकडे काळा ज्वालामुखीजन्य खडक, तेव्हा हे ज्वालामुखीचेच मुख, असा तर्क एकोणिसाव्या शतकातील बहुतेकांनी केला. तो काही वेडगळ म्हणता येणार नाही. १८९६ मध्ये अमेरिकन भूशास्त्रज्ञ गिल्बर्ट याने अ‍ॅरिझोनातील विवराशी याचे साम्य असल्याकडे बोट दाखवले. पुरावा मिळायला १९७३ उजाडावे लागले. भारतीय आणि अमेरिकन शास्त्रज्ञांनी विवरात खोल छिद्रे घेऊन काढलेल्या खडकांत प्रचंड आघातानेच होणारे बदल दाखवून दिले. बेसॉल्ट खडकात उल्काघाताने झालेली अशी विवरे पृथ्वीवर फार थोडी आहेत, आणि त्यांत लोणार सर्वांत चांगले टिकलेले आहे. त्याचे वय पूर्वी पन्नासेक हजार वर्षे सांगत. नव्या मोजणीने, जी २०१० च्या सुमारास प्रसिद्ध झाली, ते सुमारे पाच लाख सत्तर हजार वर्षे ठरले. फलकांवर आणि गाइडच्या तोंडी अजून जुनाच आकडा आढळतो.

आता आमच्या मूळ मुद्द्याकडे. अबुल फझलच्या आधी तीनशेहून अधिक वर्षे लोणार मराठी गद्यात आलेले होते. श्रीचक्रधरांचा लोणारला मुक्काम झाला आणि यादव राजा कान्हरदेव त्यांच्या भेटीस तेथे आला, असे 'लीळाचरित्र' सांगते. कान्हरदेव म्हणजे कृष्णदेव यादव. त्याची कारकीर्द १२४६ ते १२६१ च्या सुमाराची. राजा आपल्या पुरुषाच्या पायाशी आला असे सांगण्यात पंथाला गौरव वाटणारच, म्हणून इतिहासकाराने येथे जपून पाऊल टाकावे हे मान्य. पण लोणार त्या काळी मोठे तीर्थ होते, गावातली देवळे आजही त्याची साक्ष देतात. तीर्थाला आलेला राजा तेथल्या सत्पुरुषाला भेटला, यात अशक्य असे काही नाही. म्हाइंभटाची पद्धतही विचारात घ्यावी लागते. ज्यांनी पाहिले, ऐकले त्यांच्याकडे तो स्वतः चालत गेला, विचारून घेतले. आठवणींत तफावत पडली तर तीही ग्रंथपरंपरेने 'वासना' म्हणून त्या त्या माणसाच्या नावानिशी सांभाळली. आजच्या मुलाखतकारालाही हे शिकण्यासारखे आहे.

मग अलेक्झांडरनंतरच्या कोणाही साहेबाने 'लीळाचरित्रा'चा दाखला का दिला नाही? १८७० च्या वऱ्हाड गॅझेटियरमध्ये नाही, १९१० च्या बुलढाणा गॅझेटियरमध्ये नाही. कारण साधे आहे. ग्रंथ सांकेतिक लिपीत होता. चौदाव्या शतकापासून महानुभावांनी आपल्या पोथ्या सकळ लिपीसारख्या लिप्यांत लिहिल्या, आणि त्या मठांबाहेर कोणाला वाचता येत नव्हत्या. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे, वि. ल. भावे यांच्यासारख्या अभ्यासकांना ती किल्ली सापडली, त्यानंतर ह. ना. नेने, शं. गो. तुळपुळे, वि. भि. कोलते यांच्या संपादनांतून ग्रंथ आपल्या हाती आला. म्हणजे लोणारविषयी फारसी नोंद जगाला ठाऊक, इंग्रजी नोंद ठाऊक, आणि त्या दोहोंहून जुनी मराठी नोंद मात्र मराठी माणसालाच सर्वांत शेवटी मिळाली. साहेबाला दोष देण्याचे कारण नाही. पोथी आपल्याच घरात होती, कुलूपही आपलेच होते.

ते कुलूप निघून आता शतक होऊन गेले. दुसरे कुलूप आम्ही लावले, असे आम्हांला त्या काठावर उभे असताना वाटले. पाठ्यपुस्तकात लीळा नेमायची, तिच्यातल्या जुन्या रूपांचे व्याकरण सांगायचे, आणि ज्या काठावर ती घडली तो काठ मुलांना कधीही दाखवायचा नाही. पारध्यांच्या हातून ससा वाचवल्याची लीळा आम्ही अहिंसेचे उदाहरण म्हणून शिकवतो. त्या दिवशी काठाच्या वाटेवर समोरून खरोखरच एक ससा आडवा गेला. मोठ्या मुलाने 'ससा!' म्हणून आरोळी ठोकली आणि क्षणार्धात तो गवतात दिसेनासा झाला. भेदरलेले जनावर आडोसा शोधत माणसाच्या मांडीखाली शिरणे म्हणजे काय, हे त्या गवताच्या हालचालीने जितके कळले तितके आमच्या टिपणांनी आम्हांलाही कधी कळले नव्हते.

काकूंना आणि लहान मुलांना सोसेल अशी वाट आम्ही निवडली होती. आधी धारेवर गेलो. काठावरच्या देवळांच्या आवारात गोमुखातून पाणी सतत पडत असते. या पाण्यावर लोक स्नान करतात. आईनमध्ये नोंद आहे की डोंगरावरच्या झऱ्याचे पाणी मोठ्या तळ्यात वाहते ते केवळ सोमवती अमावास्येला. आम्ही गेलो तो वार गुरुवार होता आणि पाणी खळखळत खाली चालले होते. काकू कुंडाच्या पायरीवर बसल्या. तेथून काठाकाठाने तासभर चाललो. ही वाट सपाट आहे, मधूनमधून बाभळी, कडुनिंब, सीताफळी. वानरांच्या टोळ्या आणि मोरांचे आवाज. मधली दोघे मुले आमच्यापैकी एकाबरोबर खाली पाण्यापर्यंत जाऊन आली. उतार खडा आहे, ज्येष्ठांनी तो टाळावा. खाली काठावरची वाट काही ठिकाणी पाण्यात गेलेली होती, त्यामुळे कमळजादेवीपर्यंत काही त्यांना जाता आले नाही. परत आली ती बुटांना चिकटलेला काळा चिखल आणि अंड्यासारखा वास घेऊन.

जून २०२० मध्ये हे पाणी गुलाबी झाले होते, हे मुलांना माहीत होते. टाळेबंदीत घराघरांतून ती छायाचित्रे फिरली. पाणी कमी होऊन खारटपणा वाढला आणि क्षारप्रिय सूक्ष्मजीवांमुळे रंग आला, असा निर्वाळा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने दिला. त्याच वर्षी नोव्हेंबरात लोणारला रामसर पाणथळ म्हणून मान्यता मिळाली. अभयारण्य तर ते २००० पासूनच आहे. आता चिंता उलट्या बाजूची आहे. गोडे पाणी आणि गावचे सांडपाणी आत येत राहिले तर हे तीव्र क्षारयुक्त पाणी, आणि त्यातली इतरत्र न आढळणारी सूक्ष्म सृष्टी, किती काळ टिकेल? ज्या खारामुळे गावाला नाव मिळाले, तोच पातळ होत गेला तर शब्द तेवढा उरेल.

दुपारी अंबर तळ्याकडे गेलो. मुख्य विवरापासून पाऊण-एक किलोमीटरवर हे लहानसे, वाटोळे तळे आहे. उल्केच्या तुटलेल्या तुकड्याने ते झाले असे सांगतात, पण सर्व शास्त्रज्ञांना ते मान्य नाही. शेजारी मोठा मारुती आडवा पहुडलेला. कुटुंबाने बसावे, डबे सोडावेत अशी जागा खरे तर हीच. फारसे कोणी येत नाही. बाजरीची भाकरी, ठेचा, वांग्याची भाजी आणि दिवाळीतला उरलेला चिवडा अशी आरोगणा झाली. आरोगणा हा शब्द मुलांना फार आवडला. त्यानंतर दिवसभर तो त्यांच्या तोंडी होता.

उरले होते काकूंचे स्थान. ती पुस्तिका 'स्थानपोथी'च्या परंपरेतली. चौदाव्या शतकातल्या त्या पोथीत स्वामी जेथे जेथे राहिले, बसले, तेथली दिशा, दार, पटिशाळा, अंतर यांची बारीक नोंद आहे. निसर्गवर्णनाचा मागमूस नाही. अभ्यासक म्हणून आम्ही या कोरडेपणावर कधीकाळी टीका केलेली आहे. आता काकू हातात तिचीच वंशज पुस्तिका धरून, दिशा विचारत, वाट काढत चालल्या होत्या आणि मराठीचे दोन अध्यापक त्यांच्या मागून निमूटपणे जात होते. ओट्यापाशी पोचल्यावर त्यांनी डोके टेकले. बराच वेळ टेकले. धाकटीही त्यांच्या शेजारी टेकली, कोणी सांगितले नसताना.

परतीच्या वाटेवर मुलांनी त्यांना उल्का, खडक, पाच लाख सत्तर हजार वर्षे असे सगळे समजावून सांगितले. काकूंनी शांतपणे ऐकून घेतले आणि पूर्णेच्या पुलावर विचारले, "मग राजा आला तवा पाणी कोणत्या रंगाचं होतं?"

आम्हा दोघांनाही सांगता आले नाही. लीळेत पाण्याचा रंग नाही.

सुट्टीनंतर एम. ए.च्या विद्यार्थ्यांना लोणारला नेण्यासाठी आम्ही महाविद्यालयाकडे अर्ज केला. प्रयोजनाच्या रकान्यात प्रथम 'विहरण' असे लिहिले होते. अर्ज परत येईल या भीतीने ते खोडून 'क्षेत्रभेट' केले. शेवटच्या बाकावरच्या त्या मुलाचे नाव यादीत पहिले आहे.